नानांनी गोळी बंद केली (बी विंग ग्रुप)

नाना, बी-502: सर्वांना कळवतो, कालपासून कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली आहे. पोटऱ्या भरून येतात, रात्रभर झोप नाही. वरचा फॉरवर्ड वाचा, त्यात लिहिलंय: ही गोळी स्नायू खाते.

मीनाताई, बी-301: नाना!! गेल्या दिवाळीत स्टेंट बसलाय तुम्हाला. डॉक्टरांना विचारलंत?

नाना: त्यांना दोन मिनिटं वेळ असेल तर विचारीन.

अण्णा, ए-104: लसूण, आलं, लिंबू, व्हिनेगर, मध. रोज अनशापोटी एक चमचा. 🙏

सचिन, बी-403: नऊ दिवस लिफ्ट बंद आहे. नाना दिवसातून तीनदा पाच मजले चढतात. पोटऱ्या दुखणार नाहीत तर काय?

सेक्रेटरी: लिफ्टचा विषय इथे नको. पार्ट मागवला आहे. मेंटेनन्स थकवणाऱ्यांनी तरी बोलू नये.

सचिन: थकबाकीची यादी बोर्डावर लावा मग. माझ्याकडे पावती आहे.

डॉक्टर वहिनी, सी-201: भांडण नंतर करा. नाना, स्टॅटिनने, म्हणजे तुमच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीने, स्नायू दुखू शकतात, हे खरंच. पण लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने 2020 मध्ये त्रासामुळे गोळी सोडलेल्या 60 जणांना कधी खरी, कधी खोटी (औषध नसलेली) गोळी दिली, कधी काहीच नाही. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास, त्याच्या 90 टक्के खोट्या गोळीवरही झाला.

नाना: म्हणजे मी नाटक करतोय?

डॉक्टर वहिनी: अजिबात नाही. धास्तीनेही खरंखुरं दुखतं. सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढतं ते), थायरॉइड, डी व्हिटॅमिन तपासू. गोळीच निघाली तर डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन किंवा इझेटिमाइब (कोलेस्टेरॉलचंच, पण वेगळ्या प्रकारचं औषध) देता येतं. पण स्टेंट असताना मनाने बंद करायची नाही.

अण्णा: लसूण, आलं, लिंबू, व्हिनेगर, मध. 🙏

प्रमिलाकाकू, बी-102: नानांना उडवून लावू नका. आमच्या सासूबाईंना स्टॅटिन चालू असताना खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं. आधीची फाइल कोणी उघडलीच नाही. चौथ्या दिवशी त्यांना खुर्चीतून उठवेना, लघवी कोऱ्या चहासारखी. तीन दिवस सलाइनवर होत्या.

डॉक्टर वहिनी: काकू, अगदी बरोबर. ही दोन औषधं एकत्र आली की असं क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. लघवी गडद झाली किंवा अंगातली ताकद गेली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

सचिन: साखर वाढते का? पप्पांची काठावर आहे.

डॉक्टर वहिनी: थोडी वाढू शकते, काठावरच्यांची जास्त. साखर तपासत राहायचं, गोळी सोडायची नाही.

अण्णा: व्हिनेगर सफरचंदाचंच घ्यावे.

मीनाताई: अण्णा, पुरे आता. 🙏

नाना: लघवी स्वच्छ आहे. आजच्या गोळीचं काय करू?

डॉक्टर वहिनी: तुमच्या हार्टच्या डॉक्टरांना मीच फोन लावते, संध्याकाळपर्यंत सांगते. आणि जिने चढूनही सीपीके वाढतं, तेव्हा आज खाली उतरू नका.

मीनाताई: लॅबवाला सकाळी 7 ला घरी येईल. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत काढून ठेवा.

नाना: ठेवतो. त्याला सांगा, लिफ्ट बंद आहे.