दुखतंय म्हटलं की फक्त इंजेक्शनच का?

निपाणीची लेक : गेल्या महिन्यात बेळगावात आईचं पोटाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी खोकला आला की टाके ओढायचे, म्हणून ती खोकला दाबून धरायची. अशानं कफ छातीत साठतो, न्यूमोनियाची भीती. सकाळच्या सिस्टरनं उशी दुमडून आईच्या पोटावर ठेवली, तिचे दोन्ही हात वर ठेवले आणि म्हणाली, "घट्ट धरा, आता खोका." आई खोकली, कफ सुटला. मग गुडघ्यांखाली चादरीची गुंडाळी दिली, पोटाचा ताण सैल झाला. इंजेक्शन चालूच होतं. रात्रीच्या सिस्टरला दुखतंय म्हणून सांगितलं तर उत्तर आलं, "इंजेक्शन दहाला आहे, तोवर सोसायला पाहिजे."

या गोष्टी एकेकीच्या स्वभावावर का सोडायच्या? बीपी, ताप लिहितात तसं दुखणं किती आणि त्यावर काय केलं, हेही चार्टवर आलंच पाहिजे.

स्टाफ नर्स, बेळगाव : ताई, एकदा रात्रपाळीला येऊन बघा. नर्सिंग कौन्सिलच्या निकषात साध्या वॉर्डात 5 पेशंटमागे एक नर्स. आमच्या वॉर्डात रात्री आम्ही दोघी आणि पेशंट तीस. सलाईन, अँटिबायोटिक, नवीन ॲडमिशन, रजिस्टर. कुणाची पाठ चोळू, कुणाला श्वास शिकवू? हे सगळं आम्ही शिकलोय. खरं पेशंटजवळ दोन मिनिटं बसलं की नातेवाईकच म्हणतात, "सिस्टर बोलत बसली, इंजेक्शन कुठाय?"

खानापूरकर : मला तर औषधाशिवायच्या या उपायांच्या विषयाची भीतीच वाटते. वडिलांचा कॅन्सर हाडात गेला होता. रात्रभर कण्हायचे, आणि वॉर्डातल्या सिस्टर त्यांना सांगायच्या, "मन दुसरीकडं वळवा, देवाचं नाव घ्या." मॉर्फिन, म्हणजे अफूपासूनचं जोरदार वेदनाशामक, सुरू व्हायला नऊ दिवस गेले. 2014 ला अमली पदार्थांचा कायदा बदलून ही औषधं रुग्णांना मिळणं सोपं केलं, तरी 'सवय लागेल' ही भीती वॉर्डातून गेलेली नाही. त्यात तुम्ही उशा आणि मालिश पुढं केलं की औषध आणखी मागं पडणार.

निपाणीची लेक : तुमच्या वडिलांवर अन्यायच झाला. मी 'औषधाऐवजी' म्हणत नाही, 'औषधासोबत' म्हणतेय. मनाला वळवून हाडातला कॅन्सर सोसता येत नाही, हे ज्या नर्सला ठाऊक नाही तिलाही हा विषय आलेला नाही.

चिकोडीचा फिजिओ : यात शास्त्र आहे. ठेच लागली की आपण अंगठा चोळतो. चोळण्याचा संदेश मज्जारज्जूत दुखण्याच्या संदेशाला अडवतो, हा सिद्धांत मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 मध्ये मांडला. बर्फ द्यायचा तर कापडात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं. अर्धवट माहिती मात्र घातक. मधुमेहानं बधिर झालेल्या पायावर गरम पिशवी ठेवून फोड आलेला पेशंट मी स्वतः पाहिलाय. पोळलेलं त्याला कळलंच नाही. म्हणून 'थोडा शेक द्या' म्हणण्याआधी त्या जागेला स्पर्श कळतो का, ते तपासा.

आणि आपल्याकडं भाषेचं काय? आजी म्हणते 'कळ येतेय', 'ठणकतंय', 'आग होतेय'. तिन्ही दुखणी वेगळी. हुबळीकडची कन्नड सिस्टर 'नोवु एष्टु?' (दुखणं किती?) विचारते, आजी नुसती मान हलवते. शून्य ते दहाचे आकडे बोटांवर दाखवले, चेहऱ्यांची चित्रं पुढं धरली, तर निम्मं काम होतं.

स्टाफ नर्स, बेळगाव : आकडा विचारायला दहा सेकंद लागतात, तेवढं मान्य. चार्टवर एक रकाना वाढवायचा असेल तर आधी रात्रीला एक माणूस वाढवा, यावरून मी हटणार नाही. आणि उशीचं म्हणाल तर आमच्याकडं उशा मोजून आहेत. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच मी घरच्यांना सांगते, जुनं लुगडं घट्ट घडी करून आणा. पोटाशी धरायला ते उशीपेक्षा बरं पडतं.