मदत हवी आहे: ग्रीक ‘कुनारिऑन’ तुच्छतेचा की मायेचा?

नमस्कार मंडळी, प्राचीन ग्रीक जाणणाऱ्यांची मदत हवी आहे.

मार्कच्या शुभवर्तमानात (7:27) मुलीसाठी गयावया करणाऱ्या परक्या बाईला येशू म्हणतो की, मुलांची भाकरी कुत्र्यांना टाकणं बरं नव्हे. तिथं कुत्र्यासाठी नेहमीचा ‘कुऑन’ हा शब्द नाही, त्याचं लघुरूप ‘कुनारिऑन’ आहे. म्हणजे घरातली पिल्लं, म्हणून बोलणं सौम्य, असं बरेच जण सांगतात. मला ते पुरतं पटत नाही. ती बाई उत्तरात मेजाखालचा चुरा खाणाऱ्या कुत्र्यांबद्दल बोलते, म्हणजे घरात वावरणारी कुत्री, एवढं मान्य. पण कुत्रीच ना?

प्राचीन ग्रीक महाकवी होमरमध्ये दोन्ही टोकं सापडतात. ‘इलियड’ या महाकाव्यात योद्धा अकिलीझ ग्रीकांचा सेनापती अगमेम्नॉनला ‘कुत्र्याच्या डोळ्यांचा’ म्हणतो, म्हणजे निर्लज्ज. जिच्यापायी युद्ध पेटलं ती हेलन तर स्वतःलाच कुत्री म्हणवते. उलट ‘ओडिसी’त उकिरड्यावर गोचिडांनी भरून पडलेला म्हातारा कुत्रा आर्गॉस 20 वर्षांनी परतलेल्या धन्याला, ओडिसियसला, ओळखतो, शेपूट हलवतो, कान पाडतो आणि प्राण सोडतो. वाचताना गलबलून येतं.

तर पहिल्या शतकातल्या बोली ग्रीकमध्ये ‘कुनारिऑन’ला लहानपणाची, मायेची छटा उरली होती का, की त्याचा अर्थ नुसता ‘कुत्रं’ एवढाच? बायबलबाहेरची उदाहरणं ठाऊक असतील तर कृपया संदर्भासकट द्या.