‘लॉजिस्टिक्स कमांड’ला मराठीत काय म्हणाल? रसद, बेगमी की आणखी काही?

शब्दखूळ
विमानांवरच्या एका माहितीपटाची मराठी संहिता करतेय. त्यात अमेरिकी हवाई दलाची ‘एअर फोर्स लॉजिस्टिक्स कमांड’ चारदा येते. मी बिनदिक्कत ‘रसद कमान’ लिहून मोकळी झाले. संपादकबाईंचा फोन आला, “कमान कसली? लग्नाच्या मांडवाची?” बरोबरच आहे. हिंदीत चालेल, पण मराठीत कमान एकतर दाराची, पुलाची, नाहीतर घड्याळातली. ती काढली. आता रसदही खटकायला लागलीये.

थोडी पार्श्वभूमी देते. ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळावरची ही संस्था. १९४६पासून तिचं नाव ‘एअर मटेरिएल कमांड’. १९६१मध्ये नवी शस्त्रं आणि विमानं घडवून घ्यायचं काम वेगळ्या ‘सिस्टिम्स कमांड’कडे गेलं आणि हिच्याकडे उरलं ते सुटे भाग आणणं, साठवणं, पोचवणं आणि विमानं खोलून दुरुस्त करणं. तेव्हा नाव ‘लॉजिस्टिक्स’ झालं. १९९२मध्ये दोघी पुन्हा एक झाल्या आणि नावात पुन्हा ‘मटेरिएल’ आलं. म्हणजे नाव बदललं ते हौसेनं नाही, कामाची वाटणी बदलली म्हणून. त्यामुळे दोन्हींना ‘रसद’ म्हणून भागणार नाही. सुचवा काहीतरी.

दफ्तरी
रसद खटकते त्याचं कारण शब्दातच आहे. फारसीतून आलेला शब्द, मुळाशी ‘पोचणे’. फौजेपर्यंत पोचतो तो दाणा, वैरण, तूप, मीठ. रसद म्हटलं की डोळ्यांपुढे गोणी लादलेला बैल येतो, जेट इंजिन येत नाही. आणि हा बैल खराच होता. लमाणांचे तांडे फौजांना धान्य पुरवायचे. १८०३च्या दख्खनच्या मोहिमेत इंग्रज सेनापती वेलस्लीची भिस्तही त्यांच्यावर होती. आज रसद बरीचशी राजकारणात उरलीये. बंडखोराला रसद कोणी पुरवली, हा प्रश्न दर निवडणुकीत असतोच.

माझा आवडता शब्द मात्र ‘बेगमी’. बे-गम, म्हणजे ज्याला घोर नाही तो. पावसाळ्याची बेगमी केली की चार महिने घोर नाही! गोदामाला इतकं सुंदर नाव दुसऱ्या कुठल्या भाषेनं दिलं असेल असं वाटत नाही. चिपळूणजवळ हलवर्ण्याच्या छावणीला शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र आठवा. भाजीच्या देठाचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण पत्राचा निम्मा जीव पागेच्या बेगमीत आहे. दाणा-गवत आत्ताच उडवलंत तर भर पावसात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात हात घालाल. रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी जळेल. उंदरापर्यंत विचार गेलाय! लॉजिस्टिक्सचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

वर्धेची
हिंदीतल्या काही पारिभाषिक कोशांत ‘संभारतंत्र’ आहे. पण ते मराठीत आणाल तर आम्ही विदर्भातले हसून मरू. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. ‘सांबार कमांड’ म्हणजे दोन जुड्या दहा रुपयांना!

शब्दखूळ
😄 वर्धेच्या ताई, बाद केलं. दफ्तरी, बेगमी मोहक आहे, पण ती साठ्यापुरती. वाहतूक आणि दुरुस्ती कुठे गेली? आणि ‘बुणगे’ कसं वाटतं? जुन्या फौजेत सामानसुमान आणि बिगरलढाऊ माणसं मिळून बुणगेच ना?

दफ्तरी
हो, पण आता नाही चालणार. मूळ फारसी ‘बुनगाह’, म्हणजे सामान ठेवायची जागा. ते सामान, मग त्याबरोबरची माणसं, आणि शेवटी शिवी. आज ‘बाजारबुणगे’ म्हणजे कामापेक्षा लुडबुड जास्त करणारे. पानिपताचा यात मोठा वाटा असावा असा माझा कयास आहे. कुंजपुरा घेतला तेव्हा अब्दालीचं धान्य आपल्या हाती लागलं होतं. पण डिसेंबर १७६०मध्ये मराठ्यांना दाणा पोचवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, दाण्याची वाट बंद झाली आणि लाखभर तोंडं छावणीत अडकली. दोष बुणग्यांच्या माथी. खरं तर भाऊसाहेबांची फौज उपाशी मेली ती बुणगे होते म्हणून नाही, त्यांना पुरवणारं कोणी उरलं नाही म्हणून.

ओझरकर
हवाई दलात बावीस वर्षं स्टोअरमध्ये काढली, म्हणून बोलतो. अमेरिकेला जायला नको. आपल्याकडे याच कामाची मेंटेनन्स कमांड आहे. १९५५ला कानपूरला सुरू झाली, आता मुख्यालय नागपूरला. हिंदी पाटीवर ‘अनुरक्षण कमान’. पण बोलताना आम्ही कुणी अनुरक्षण म्हटलेलं आठवत नाही. तिच्या हाताखाली बीआरडी, म्हणजे विमानं सुटी करून पुन्हा जोडणारे डेपो. नाशिकजवळच्या ओझरला ११ बीआरडी, मिग आणि सुखोई तिथे ओव्हरहॉलला येतात. आमच्या शाखेचं नावही आधी ‘इक्विपमेंट’ होतं, मग ‘लॉजिस्टिक्स’ झालं. रॅक तेच, बिन कार्ड तीच.

रसद का बसत नाही ते सांगतो. एकदा रात्री अकराला फोन. अमुक विमान एओजी. म्हणजे सामान नाही म्हणून जमिनीवर उभं. काय हवं होतं? रबराचा एक सील, बांगडीएवढा. कार्डावर शिल्लक दोन, खणात शून्य. पहाटेपर्यंत तिघांनी सगळे खण उपसले, तेव्हा शेजारच्या नंबरच्या खोक्यात सापडले. आता याला रसद म्हणाल? विमानाचं पोट भरलेलं होतं, टाकी फुल्ल. अडलं होतं ते एका बांगडीवर.

दफ्तरी
ओझरकर, बांगडी जिंकली. रसद बादच. पण बेगमी सोडत नाही. झोजिला खिंड बर्फानं बंद व्हायच्या आत लडाखमध्ये सैन्याचं धान्य, रॉकेल, कपडे चढवून ठेवावे लागतात, त्याला लष्करात ‘अ‍ॅडव्हान्स विंटर स्टॉकिंग’ म्हणतात. त्याचं मराठी ‘हिवाळ्याची बेगमी’. अनुवाद करावाच लागत नाही.

शब्दखूळ
मग असं ठरवते. संस्थेचं नाव ‘लॉजिस्टिक्स कमांड’ तसंच. निवेदनात पहिल्यांदा येईल तेव्हा एक वाक्य जोडते: ‘सुटे भाग, साठा, वाहतूक आणि दुरुस्ती पाहणारा विभाग’. चार शब्दांचं काम एका शब्दात कोंबायचा हट्ट सोडला. आणि लडाखचा प्रसंग पुढच्या भागात आहेच, तिथे बेगमी नक्की.

शेवटचा एक कीस: ती लॉजिस्टिक्स, ते लॉजिस्टिक्स की तो?

ओझरकर
आमच्याकडे ‘लॉजिस्टिक्सवाला कुठे मेला रे?’ एवढाच प्रयोग होता.