सीईटी पीसीएम, क्लास न लावता घरूनच जमेल का?

प्रश्न (चोपडा तालुका): बारावी सायन्स, स्टेट बोर्ड, इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची (सीईटी) तयारी करतोय, ग्रुप पीसीएम म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. दादा म्हणतो पुण्याला क्रॅश कोर्स लाव, पण यंदा कापसात काही राहिलं नाही, पप्पांकडे पैसे मागायची इच्छाच होत नाही. मॉक (सराव परीक्षा) देतो तेव्हा फिजिक्समध्येच अडकतो आणि केमिस्ट्रीचे वीस-पंचवीस प्रश्न तसेच राहतात. अकरावी पण पूर्ण करायची का? जळगावचं गव्हर्नमेंट कॉलेज मिळावं एवढीच इच्छा आहे.

उत्तर १ (अमळनेर, आता इंजिनिअरिंगला): टेन्शन नको घेऊ भो. पहिली गोष्ट, निगेटिव्ह मार्किंग नाहीये, मग वीस-पंचवीस प्रश्न कोरे सोडतोच कशाला, शेवटची दोन मिनिटं राखून ठेव आणि राहिलेल्या सगळ्यांना काहीतरी टिक कर. दुसरं म्हणजे फिजिक्स केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटसुद्धा नाही. तू केमिस्ट्री आधी घे. अर्धे प्रश्न वाचले की उत्तर येतं, पस्तीस मिनिटात उरकायचं, उरलेला सगळा वेळ फिजिक्सला. कॅल्क्युलेटर नसतो म्हणून घरी पण हातानेच आकडेमोड कर, पाय (π) स्क्वेअर सरळ १० धरायचा, ऑप्शनमधले आकडे एकमेकांपासून लांब असले तर तेवढ्यात उत्तर सापडतं. आणि केमिस्ट्रीला बालभारतीचं पुस्तकच ओळ न ओळ वाच, त्यातले तक्ते आणि चौकटी पण, मुलं नेमकं तेच सोडतात. पीडीएफ फुकट मिळते.

उत्तर २ (धुळे, ज्युनिअर कॉलेजला मॅथ्स शिकवतो): बेटा, अकरावी पूर्ण करू नकोस. साधारण २० टक्के भारांश अकरावीचा आणि तोही ठरावीक धड्यांचाच, यादी परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या साईटवर आहे, ती काढून भिंतीला लाव. खरी गोष्ट मॅथ्सची. ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, म्हणजे २०० पैकी १०० एकट्या मॅथ्सचे, आणि त्याला वेगळी ९० मिनिटं. इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन, व्हेक्टर, लाइन अँड प्लेन हे पक्कं असेल तर खेड्यातला मुलगा कुणालाही मागे टाकतो, हे मी वर्गात बघतोय. मॅथ्सचा पेपर फक्त इंग्रजीत असतो हे ध्यानात ठेव. आणि मॉक दिल्यावर मार्क बघून सोडून देऊ नकोस रे, चुकलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर परत सोडव.

प्रश्नकर्ता: धन्यवाद सर, दादा. पण मॉक मोबाईलवरच देतो, दुपारी लाईट पण जाते. चालेल ना?

उत्तर ३ (शहादा): प्रॅक्टिसला चालेल पण शेवटच्या महिन्यात आठवड्यातून एकदा तरी सायबर कॅफेत बसून माऊसवर दे. खऱ्या पेपरला प्रश्न कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर, रफ काम खाली कागदावर, ही मान वर-खाली करण्याची सवय नसली की वेळ जातो. सकाळची बॅच आली तर नवाच्या आधीच गेट बंद होतं, पहाटेच्या एसटीच्या भरवशावर राहू नको, सेंटर लांबचं आलं तर आदल्या संध्याकाळीच नातेवाईकांकडे मुक्कामाला जा. आणि बारावी बोर्डाला पीसीएममध्ये ओपनला ४५ टक्के, राखीवला ४० लागतातच, सीईटीच्या नादात बोर्ड सोडू नको.