मदत हवी आहे: हॅलोजनखाली ट्रिपल जंक्शन सेलचा करंट निम्म्याहून कमी

संत्रानगरी: छोट्या उपग्रहासाठी ३० चौ. सेंमी.चा ट्रिपल जंक्शन (एकावर एक तीन थरांचा) सोलर सेल तपासायचा आहे. डेटाशीटवर एएम-० ला (वातावरणाबाहेरच्या उन्हात) २.७ व्होल्ट, ०.५ अँपिअर. सिलिकॉनचा रेफरन्स सेल (प्रकाश किती पडतोय ते मोजणारा) एएम-० चा आकडा दाखवेपर्यंत हॅलोजन जवळ आणला. व्होल्टेज २.६, करंट जेमतेम ०.२, फिल फॅक्टर (कमाल पॉवर भागिले व्होल्टेज गुणिले करंट) मात्र चक्क ०.८८. जोडणी चार वायरींची, म्हणजे तारांचा रोध मापात येत नाही. सेल गेला का?

जोड_तिसरा: सेल ठणठणीत आहे भाऊ, रेफरन्स फसवतोय. हॅलोजनमध्ये इन्फ्रारेड भरपूर, निळा नावाला. सिलिकॉन इन्फ्रारेडवरच खूश होतो. तुमच्या सेलमधले तिन्ही थर सिरीजमध्ये, त्यामुळे सगळ्यात उपाशी थर म्हणेल तेवढाच करंट. इथे उपाशी आहे वरचा, गॅलियम इंडियम फॉस्फाइडचा. थरांचे करंट असे विषम झाले की फिल फॅक्टर उगाच छान दिसतो. खात्री करायची तर हॅलोजन चालू ठेवून ४५० नॅनोमीटरची निळी एलईडी मारा, करंट चढेल. ८५० ची मारली तर ढिम्म. आणि शटर वापरा, मोजण्यापुरताच उजेड पडू द्या. सेल २० अंश तापला की व्होल्टेज ०.१२ ने उतरतं.

संत्रानगरी: झेनॉन सिम्युलेटर (उन्हासारखा प्रकाश देणारा दिवा) परवडत नाही. गच्चीवर उन्हात करू का? मे महिन्यात ऊन चिक्कार.

जोड_तिसरा: मे नको, धुळकट हवा असते. फेब्रुवारीअखेरची निरभ्र सकाळ बघा. डिसेंबरही नको, आपल्याकडे तेव्हा भर दुपारीही सूर्य ४५ अंशांच्या आसपासच, एअर मास (ऊन किती हवेतून येतं त्याचं माप, सूर्य डोक्यावर असताना १) १.४ च्या खाली येत नाही. सेलवर आतून काळी नळी बसवा, फक्त सूर्याभोवतीचे पाच अंश दिसतील अशी. दर १० मिनिटांनी शॉर्ट सर्किट करंट आणि सेलचं तापमान नोंदवा. करंटचा लॉगॅरिदम एअर मासविरुद्ध मांडून रेष शून्य एअर मासपर्यंत ओढा, तोच एएम-० चा करंट. सकाळच्या लाल उन्हात वरचाच थर अडतो, तिथे रेष वाकते. ते बिंदू सोडा. शेवटी सूर्याच्या अंतराची दुरुस्ती विसरू नका, जानेवारीच्या सुरुवातीला ऊन सरासरीपेक्षा ३.४ टक्के जास्त असतं.

व्हॅक्यूम_पंप: थर्मल व्हॅक्यूमच्या (निर्वातात गरम-थंड करण्याच्या चाचणीच्या) आधी एक बघा. सेलखालच्या सिलिकोन (रबरासारख्या) गोंदात बुडबुडा राहिला की निर्वातात फुगतो आणि सेल तडकतो. गोंद कालवल्यावर, लावण्याआधीच, निर्वातात फेस बसेपर्यंत ठेवा. आणि थंड सेल चेंबरबाहेर काढण्याआधी कोरडा नायट्रोजन सोडून खोलीच्या तापमानाला आणा, नाहीतर दव धरतं.

संत्रानगरी: निळी एलईडी लावली, ०.२ वरून ०.३१ झाला! नळीसाठी पीव्हीसी पाइप चालेल?

जोड_तिसरा: चालेल. आतून मॅट काळा मारा, चकाकी राहिली की आकडा वाढीव येतो.