बॅकअप रिस्टोअर होत नाही, चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली आहे

फोंडा_पावती: देवस्थानच्या पावत्यांचं मशीन काल वीज जाऊन-येऊन बंद पडलं. बॅकअपची एसक्यूएल फाइल पेनड्राइव्हवर आहे. नव्या लॅपटॉपवर इंपोर्ट केली की एरर येते. उद्या महाजनांच्या (देवस्थानच्या मानकरी सभासदांच्या) पावत्या फाडायच्या आहेत. लवकर सांगा.

काणकोणची_वाट: एरर काय येते? डेटाबेस कुठला, जुन्या मशीनवर कुठलं व्हर्जन?

डिचोलीकर७: मॅक्स अलाउड पॅकेट, म्हणजे डेटाबेस एका वेळी किती डेटा घेतो ती मर्यादा, वाढवा. माझं त्यानेच झालं होतं.

फोंडा_पावती: मायएसक्यूएल. १२७३, अननोन कोलेशन, शेवटी ०९००_एआय_सीआय. लॅपटॉपवर झॅम्प (डेटाबेस आणि सर्व्हर एकत्र देणारं पॅकेज) टाकलं आहे.

काणकोणची_वाट: हे आधी लिहायला हवं होतं. पॅकेटचा इथे संबंध नाही, ती एरर २००६. तुमचं जुनं मशीन मायएसक्यूएल ८ वर होतं. झॅम्पमध्ये मारियाडीबी हा वेगळा डेटाबेस येतो, त्यातल्या व्हर्जनला हे कोलेशन, म्हणजे अक्षरांचा क्रम आणि तुलना ठरवणारे नियम, ओळखता येत नाही. लॅपटॉपवर मायएसक्यूएल ८ च टाका.

डिचोलीकर७: एवढा खटाटोप कशाला? फोर्स लावून चालवा, एरर ओलांडून पुढे जातं.

सत्तरीची_माई: नको हो बाबा! टेबलच तयार होणार नाही, मग त्यातल्या पावत्या कुठे जाणार? फाइलची प्रत काढा, प्रतीत त्या कोलेशनचं नाव बदलून यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय करा. मूळ फाइलला हात लावू नका.

फोंडा_पावती: माई, मराठी नावं बिघडतील का?

सत्तरीची_माई: नाही. अक्षरं साठवायची पद्धत तीच राहते, क्रम लावायचे आणि तुलनेचे नियम तेवढे बदलतात.

मांडवीपार: पावती कोकणीतही छापता येते का? आमच्याकडे मागणी आहे.

डिचोलीकर७: वेगळा धागा काढा.

फोंडा_पावती: माईंनी सांगितलं तसं केलं, झालं! पण स्थळप्रतीवर शेवटची पावती २१३८ आहे, इथे २०९४ वर थांबतं. ४४ पावत्या नाहीत.

काणकोणची_वाट: बॅकअप कधीचा?

फोंडा_पावती: रविवारचा.

काणकोणची_वाट: मग त्या नंतरच्या. जुन्या मशीनची डिस्क चालते का? मायएसक्यूएल ८ मध्ये बिनलॉग, म्हणजे डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंदवही, आपोआप चालू असतो, रविवारनंतरचं सगळं त्यात मिळेल.

सत्तरीची_माई: ४४ च आहेत, स्थळप्रती समोर घेऊन हातानेच भरा. तासाभराचं काम.

फोंडा_पावती: पुतण्याला बोलावलंय. तो वाचेल, मी भरतो. डिस्क चवथीनंतर बघू.