एमएस आणि पाठीतलं इंजेक्शन

एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) असेल तर बाळंतपणात एपिड्यूरल, म्हणजे कळा कमी करायला पाठीत देतात ते भुलीचं इंजेक्शन, नकोच, आजार उसळतो, हे म्हणणं काही पटलं नाही. भीती जुनीच आहे. १९९८ साली युरोपातल्या एमएस असलेल्या २५४ गरोदर बायकांचा अभ्यास छापून आला, त्यात एपिड्यूरलमुळे आजाराचे झटके (लक्षणं पुन्हा उसळणं) वाढल्याचं दिसलं नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या ३ महिन्यांत झटके वाढतात खरे, पण ते इंजेक्शन न घेतलेल्यांनाही. बिचारी सुई उगाच बदनाम!

भूलतज्ज्ञांना मात्र आधीच भेटा. पायाला बधिरपणा, मुंग्या असतील तर कागदावर नोंदवून घ्या, नाहीतर नंतर सगळं खापर सुईवर फुटतं. माझ्या वेळी डॉक्टरांनी मांडीवर बर्फाचा तुकडा फिरवत ‘इथे गार लागतंय का?’ असं विचारून सगळं लिहून घेतलं होतं.